नवीन शाळेचा खर्च कोणी उचलायचा? वाढत्या काउंटीतील इम्पॅक्ट फीविषयी

मूळ लेखन: ओसरी

माझी मुलगी तिसरीत आहे. तिचा वर्ग शाळेच्या मुख्य इमारतीत भरत नाही. मैदानाच्या कडेला काँक्रीटच्या ठोकळ्यांवर टेकवलेल्या, दारापुढे लाकडी उतार असलेल्या एका तयार खोलीत भरतो. अशा चौदा खोल्या तिथे ओळीने उभ्या आहेत. पावसाळ्यात दुपारी विजा कडाडू लागल्या की मुलांना त्या खोलीबाहेर पडू देत नाहीत, मग तो तास ग्रंथालयाचा असो की चित्रकलेचा. भोजनगृहात एका वेळी बसू शकतील त्याहून मुले कितीतरी अधिक झाली आहेत, म्हणून तिच्या वर्गाच्या जेवणाची वेळ सकाळी दहा वाजून वीस मिनिटांची आहे. फ्लोरिडातील आमच्या काउंटीचे (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण कोणाविषयी तक्रार मांडण्यासाठी हा धागा काढलेला नाही. आमच्याकडे शाळांसाठीची इम्पॅक्ट फी वाढवण्याचा प्रस्ताव आला आहे आणि आमच्या ओळखीतल्या मराठी कुटुंबांत त्यावरून सरळ दोन तट पडले आहेत. ज्यांचे घर घेऊन झाले आहे ते वाढीच्या बाजूचे आहेत, आणि जे पुढच्या वर्षी घर घेणार आहेत ते विचारतात की आधीच्यांनी इतके भरले नाही, मग आम्हीच का भरायचे. हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर नीट द्यायला हवे, असे मला वाटते.

नवीन बांधकामामुळे रस्ते, उद्याने, अग्निशमन केंद्रे आणि शाळा यांवर जो वाढीव भार पडतो, तो पेलण्यासाठी लागणाऱ्या भांडवली खर्चातील वाटा म्हणून बांधणाऱ्याकडून एकदाच घेतले जाणारे शुल्क म्हणजे इम्पॅक्ट फी. फ्लोरिडात बांधकामाचा परवाना देण्याआधी ती मागता येत नाही. आम्ही बिल्डरकडून घर घेतले तेव्हा सह्यांच्या कागदांत तिचा वेगळा उल्लेख नव्हता. ती किमतीतच मुरलेली होती. पुढे एका मैत्रिणीने स्वतःच्या जागेवर घर बांधले तेव्हा तिचा परवान्याचा कागद मी पाहिला. त्यावर रस्ते, उद्याने, ग्रंथालय, अग्निशमन अशा ओळी होत्या, आणि सर्वांत मोठा आकडा शाळेपुढे होता.

या विषयातला फ्लोरिडाचा मूळ दाखला सेंट जॉन्स काउंटीचा आहे. जॅक्सनव्हिलच्या दक्षिणेला, सेंट ऑगस्टीन हे जुने शहर जिच्यात आहे ती ही काउंटी. १९९०च्या जनगणनेत तिथे ८३,८२९ माणसे होती आणि २०२०मध्ये २,७३,४२५ झाली, म्हणजे तीस वर्षांत तिपटीहून अधिक. या वाढीची चाहूल लागताच काउंटीने १९८७मध्ये प्रत्येक नवीन घरामागे शाळांसाठी ४४८ डॉलर घेण्याचा ठराव केला. बिल्डरांची संघटना न्यायालयात गेली आणि १९९१मध्ये फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने जो निकाल दिला, तो आजही या चर्चेचा पाया आहे.

बिल्डरांचा मुख्य आक्षेप साधा होता: प्रत्येक घरात शाळकरी मूल नसते, मग प्रत्येक घराकडून पैसे कसे घेता? काउंटीच्या अभ्यासानुसार दर शंभर नवीन घरांमागे सरकारी शाळेत जाणारी सरासरी ४४ मुले येत होती. न्यायालयाने म्हटले की घराचे आयुष्य एका कुटुंबाच्या मुक्कामापेक्षा मोठे असते. त्या घरात मुले येतील, मोठी होऊन जातील, पुन्हा दुसरी येतील. काउंटीने दोन गोष्टी सिद्ध केल्या म्हणजे पुरे: नवीन बांधकामामुळे शाळेत विद्यार्थ्यांसाठी नवीन जागांची गरज खरोखर निर्माण होते, आणि गोळा झालेला पैसा त्या बांधकामाला उपयोगी पडेल अशाच रीतीने खर्च होतो. या दोन कसोट्यांपैकी पहिली काउंटीने पार केली, दुसरीत मात्र ती अडकली. काउंटीतील नगरपालिकांनी शुल्क लावण्याचा करार केला नव्हता, शाळा तर सर्वांसाठी एकच. म्हणजे शहराबाहेरच्या घरांच्या पैशांतून बांधलेल्या शाळेत शहरातल्या नवीन घरांची मुले काहीही न भरता बसली असती. काउंटीतील जवळजवळ सर्व लोकवस्तीला शुल्क लागू होईपर्यंत ते वसूल करू नये, असे न्यायालयाने सांगितले.

मला त्या निकालातला सर्वांत मोलाचा भाग वेगळाच वाटतो. ज्या घरातून सरकारी शाळेत मूल जाणार नाही त्याला शुल्कातून सवलत मिळू शकेल, असे एक कलम मूळ ठरावात होते. वरवर पाहता ते न्याय्य दिसते. न्यायालयाने ते काढून टाकले, कारण अशी सवलत दिली की उरलेल्यांचे शुल्क ही शाळेत बसण्याची फी ठरते, आणि फ्लोरिडाच्या राज्यघटनेने सरकारी शिक्षण मोफत असल्याचे वचन दिले आहे. शुल्क घराचे आहे, मुलाचे नाही, हा भेद ज्याला कळला त्याला या विषयातले निम्मे वाद सोडवता येतात.

नवीन माणसांनीच का भरायचे, या प्रश्नाचे माझे उत्तर याच भेदातून निघते. आधीच्यांच्या शाळा उभ्या राहिल्या तेव्हा त्यांचा खर्च त्या वेळच्या करदात्यांनी उचलला होता. नवीन वसाहतीतल्या मुलांसाठी शाळेत लागणारी जागा नवीन वसाहतीमुळेच लागते. तिचा खर्च शुल्कातून आला नाही तर तो नाहीसा होत नाही. तो मालमत्ता करात, विक्रीकरात किंवा मुलांच्या डोक्यावर जातो. सगळ्यांत सोपा मार्ग शेवटचाच असतो, कारण तिसरीतली मुले सार्वजनिक सुनावणीला येऊन बोलत नाहीत. आमच्या वसाहतीची शाळेची हद्द पाच वर्षांत दोनदा बदलली. दुसऱ्या वेळी माझ्या मुलीने नव्या बसथांब्यावर उभे राहून विचारले, ‘आता ही शाळा किती दिवस?’ तिला देण्यासारखे उत्तर माझ्याकडे नव्हते.

प्रतिसाद: कंदील

मी एका गृहबांधणी कंपनीत अंदाजपत्रके तयार करतो, त्यामुळे माझी बाजू कोणती हे आधीच सांगतो. ओसरी यांनी निकाल नेमका मांडला आहे, परंतु दोन गोष्टी राहिल्या.

पहिली गोष्ट अशी की फ्लोरिडात नवीन खरेदीदार आधीच जास्त भरतो. १९९२च्या घटनादुरुस्तीमुळे राहत्या घराचे करपात्र मूल्य वर्षाला ३ टक्के किंवा महागाईचा दर, यांपैकी जे कमी असेल त्याहून अधिक वाढवता येत नाही. घर विकले गेले की ते मूल्य पुन्हा बाजारभावावर येते. त्यामुळे एकाच गल्लीतील दोन सारख्या घरांपैकी वीस वर्षे राहणाऱ्याचा कर थोडा आणि काल आलेल्याचा कितीतरी अधिक असतो. हा फरक शाळेच्या करालाही लागू आहे. त्याच करातून शाळांच्या भांडवली कामांसाठी दर हजार डॉलर करपात्र मूल्यामागे दीड डॉलरपर्यंत आकारणी करता येते. म्हणजे नवीन माणूस शुल्कही भरतो आणि शाळा बांधण्याच्या करातही जुन्या शेजाऱ्यापेक्षा मोठा वाटा उचलतो.

दुसरी गोष्ट घरांच्या आकाराची. शुल्क घरामागे सरसकट असेल तर तीन खोल्यांच्या साध्या घराला आणि पाच शयनगृहांच्या बंगल्याला सारखाच भार पडतो. ज्या बिल्डरला पहिल्यांदा घर घेणाऱ्यांसाठी छोटी घरे बांधायची आहेत, त्याच्या हिशेबात हे शुल्क फार मोठे दिसते, आणि मग तो मोठी घरेच बांधतो. मी असे दोन प्रकल्प कागदावर बदलताना पाहिले आहेत.

प्रतिसाद: ओसरी

कंदील, कराचा मुद्दा पूर्ण मान्य आहे. म्हणूनच शुल्क ठरवताना, नवीन घर पुढे करातून जे शाळांच्या बांधकामासाठी भरणार आहे, तेवढी रक्कम आधी वजा करायची असते. शाळेत एका विद्यार्थ्याच्या जागेचा खर्च, गुणिले घरामागे मुलांचे प्रमाण, वजा पुढील कराचा वाटा, हे ते गणित. सेंट जॉन्सचा १९८७चा आकडा अवघा ४४८ डॉलर होता तो या वजाबाकीमुळेच. आमच्याकडच्या प्रस्तावात ही वजाबाकी किती आणि कशी केली आहे, हे विचारायलाच हवे, आणि मी ते विचारणार आहे.

आकाराविषयीही तुमचे म्हणणे पटते. कॅलिफोर्नियात शाळेचे शुल्क बांधकामाच्या चौरस फुटांवर घेतले जाते. १९८६च्या कायद्याने घरांसाठी दर चौरस फुटाला दीड डॉलरची मर्यादा घातली, आणि ती वेळोवेळी वाढत २०२४मध्ये ५.१७ डॉलर झाली. लहान घर लहान शुल्क भरते, एवढे तरी त्यात साधते. फ्लोरिडातही काही काउंट्या घराच्या आकारानुसार टप्पे करतात आणि आपल्याकडेही तसेच व्हावे असे मला वाटते. मात्र टप्पे केले म्हणून एकूण रक्कम घटवू नये.

प्रतिसाद: पायवाट

मी नॉर्थ कॅरोलिनात असतो. इथला अनुभव लिहिला म्हणजे फ्लोरिडाकरांना आपल्या हातात काय आहे ते कळेल. इथे काउंटीला राज्याच्या विधिमंडळाने स्पष्ट अधिकार दिल्याशिवाय असे शुल्क घेताच येत नाही. डरम काउंटीने स्वतंत्र घरामागे २,००० डॉलर शाळांसाठी घ्यायला सुरुवात केली होती. २००६मध्ये अपील न्यायालयाने ते बेकायदा ठरवले आणि काउंटीला पैसे परत करावे लागले. शार्लटच्या शेजारच्या कबॅरस काउंटीने दुसरा मार्ग धरला. शाळेत जागा असेल तरच वसाहतीला परवानगी, आणि जागा नसेल तर बिल्डरने पैशांची भर घालावी, असा नियम तिने जमीनवापराच्या अधिकाराखाली केला. ती भर पुढे घरामागे ८,००० डॉलरच्या वर गेली. २०१२मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तोही नियम रद्द केला.

त्यामुळे वेक काउंटीत, म्हणजे रॅली आणि केरी इथे, शाळा मुख्यतः कर्जरोख्यांवर उभ्या राहतात. मतदारांनी २०१८मध्ये ५४८ दशलक्ष आणि २०२२मध्ये ५३०.७ दशलक्ष डॉलरच्या रोख्यांना मंजुरी दिली. हे कर्ज सगळे फेडतात, जुने आणि नवे. त्यात एक प्रकारचा समंजसपणा आहे हे मी नाकारत नाही, पण रोखे मतदानाला जाईपर्यंत आणि इमारत उभी राहीपर्यंत मुलांना कुठे बसवायचे, हा प्रश्न उरतोच. इथे त्यावर बारमाही शाळेचा उपाय निघाला. मुलांचे चार गट करायचे आणि त्यांतला एक गट आळीपाळीने सुट्टीवर ठेवायचा, म्हणजे त्याच इमारतीत एक तृतीयांश अधिक मुले मावतात. एकाच घरातली दोन भावंडे वेगवेगळ्या शाळांत आणि वेगळ्या वेळापत्रकावर गेली की आईवडिलांची काय ओढाताण होते, ते आम्ही तीन वर्षे भोगले आहे. मोठ्याची सुट्टी ऑक्टोबरात, धाकटीची नोव्हेंबरात, आणि नोकरीत रजा मिळणार ती एकदाच.

प्रतिसाद: शेवगा

जॉर्जियातही शाळांसाठी इम्पॅक्ट फी नाही. १९९०चा राज्याचा कायदा रस्ते, पाणी, उद्याने, ग्रंथालये यांसाठी ती घेऊ देतो, पण शाळा त्या यादीत नाहीत. आमच्या फोरसाइथ काउंटीत २०१०मध्ये १,७५,५११ लोक होते आणि २०२०मध्ये २,५१,२८३ झाले. इथे शाळा एक टक्का विक्रीकर आणि रोखे यांवर चालतात, आणि तो कर दर पाच वर्षांनी मतदारांपुढे न्यावा लागतो. बाहेरून खरेदीला येणारेही तो भरतात हा त्याचा फायदा. मंदी आली की उत्पन्न लगेच घसरते हा तोटा.

प्रतिसाद: कोरांटी

माझे आईवडील फ्लोरिडात ज्येष्ठांसाठी राखीव असलेल्या वसाहतीत राहतात. शुल्क घराचे असते, मुलाचे नसते, हे तत्त्व मान्य केले तर त्यांच्या घरानेही ते भरायला हवे होते का? तिथे मूल राहायला येण्याची शक्यताच नाही.

प्रतिसाद: ओसरी

कोरांटी, हा प्रश्न २०००मध्ये फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे व्हलुशिया काउंटीच्या प्रकरणात आला होता. ऑर्मंड बीच इथल्या त्या वसाहतीच्या करारातच अठरा वर्षांखालील कोणी कायम राहू शकणार नाही अशी अट होती. न्यायालयाने तिथे शाळेचे शुल्क लावता येणार नाही असे ठरवले. १९९१च्या निकालाशी हे विसंगत नाही. आज एखाद्या घरात मूल नसणे वेगळे, आणि त्या घरात मूल कधीच राहू शकणार नाही अशी बंधनकारक अट असणे वेगळे. नुसती ‘५५ वर्षांवरील’ अशी पाटी मात्र पुरेशी नाही, कारण तशा अनेक वसाहतींत काही घरे तरुण कुटुंबांना घेता येतात आणि नातवंडे राहायला येऊ शकतात.

प्रतिसाद: दीपमाळ

मी पुण्यात नगररचनेच्या क्षेत्रात काम केले आहे. आपल्याकडे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमात १९९२पासून विकास शुल्काची तरतूद आहे. बांधकाम परवानगीच्या वेळी ते भरावे लागते आणि सार्वजनिक सुविधांसाठी वापरायचे असते. शाळेचा मात्र आपला मुख्य मार्ग आरक्षणाचा आहे. विकास आराखड्यात भूखंडावर ‘प्राथमिक शाळा’ असे आरक्षण पडते आणि मालकाला टीडीआर (जागेच्या बदल्यात दुसरीकडे वाढीव बांधकाम करण्याचा हक्क) देऊन जागा ताब्यात घेता येते. पुणे महापालिकेत २०१७मध्ये ११ आणि २०२१मध्ये २३ गावे आली. अशा भागांत इमारती आधी उभ्या राहतात आणि आराखडा मागून येतो, त्यामुळे आरक्षण टाकायला मोकळी जागाच उरत नाही. या चर्चेतली ‘शंभर घरांमागे ४४ मुले’ ही पद्धत मला फार महत्त्वाची वाटते. परवानगी देतानाच या इमारतीतून किती मुले येतील आणि ती कोणत्या शाळेत बसतील, असे लेखी विचारणारा रकाना मी आपल्या कोणत्याही अर्जात पाहिला नाही.

प्रतिसाद: कंदील

एक गोष्ट मी आमच्या धंद्याच्या बाजूने लिहितो आहे, पण ती ओसरी यांच्या मुद्द्याला बळ देणारी आहे. फ्लोरिडाच्या कायद्यानुसार वाढीव शुल्क लागू होण्याआधी किमान ९० दिवसांची सूचना द्यावी लागते. त्या काळात प्रत्येक कंपनी शक्य तेवढे परवाने जुन्या दराने काढून घेते. यात बेकायदा काही नाही, पण पुढच्या दोन वर्षांची घरे जुन्या दरात जातात. त्यात भर म्हणजे २०२१पासून वाढीवरच मर्यादा आहे. २५ टक्क्यांपर्यंतची वाढ दोन वार्षिक हप्त्यांत आणि ५० टक्क्यांपर्यंतची चार हप्त्यांत करावी लागते, आणि एकदा वाढवले की चार वर्षे पुन्हा वाढवता येत नाही. त्यापलीकडे जायचे असेल तर असाधारण परिस्थिती दाखवणारा अभ्यास, दोन जाहीर कार्यशाळा आणि मंडळाची मंजुरी लागते. ती मंजुरी आधी दोन तृतीयांश मतांनी मिळत असे, २०२६पासून एकमत लागते. बांधकामाचा खर्च मात्र हप्त्याहप्त्याने वाढत नाही. २०२१ आणि २०२२मध्ये लाकूड आणि पोलाद यांचे भाव आम्ही आठवड्याला बदलत होतो.

मोठ्या वसाहतीत आम्ही शाळेसाठी जमीन देतो, तेव्हा तिची किंमत शुल्कातून वळती होते. हे योग्यच आहे. पण जमीन कोणत्या भावाने धरली आणि ती कशी आहे, हे लोकांनी पाहायला हवे. सखल, पाणथळ तुकडा शाळेला आणि उंचावरची सलग जमीन घरांना, अशी वाटणी मी नकाशावर पाहिली आहे.

प्रतिसाद: पायवाट

२०२४च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅलिफोर्नियातील एल डोराडो काउंटीच्या प्रकरणात दिलेल्या निकालाचाही विचार करायला हवा. तिथे घर बांधण्याच्या परवान्यासाठी वाहतुकीपोटी २३,४२० डॉलर मागितले होते. लोकनियुक्त मंडळाने सरसकट ठरवलेले शुल्कही घटनेच्या कसोटीतून (ते बांधकामामुळे पडणाऱ्या भाराच्या प्रमाणात आहे का) सुटत नाही, असे न्यायालयाने एकमताने म्हटले. आता ज्या काउंटीचा अभ्यास कच्चा असेल ती अडचणीत येईल.

प्रतिसाद: ओसरी

पायवाट, मला तो निकाल शुल्काच्या विरोधातला वाटत नाही. आळसाने केलेल्या गणिताच्या विरोधातला वाटतो. फ्लोरिडात २०२३पासून खासगी शाळेची शिष्यवृत्ती सर्व कुटुंबांना खुली झाली आहे, म्हणजे घरामागे सरकारी शाळेत येणाऱ्या मुलांचे प्रमाण जुने धरून चालणार नाही. ते कमी झाले असेल तर शुल्कातही ते दिसले पाहिजे, आणि ही गोष्ट वाढीच्या बाजूने बोलणाऱ्या माझ्यासारखीनेच आधी म्हटली पाहिजे. दुसरीकडे, या पैशातून शिक्षकांचा पगार देता येत नाही, त्यामुळे नवीन इमारत झाली की सगळे झाले असेही कोणी समजू नये.

कंदील यांनी ९० दिवसांची गोष्ट उघडपणे लिहिली याबद्दल मी त्यांची आभारी आहे. पैसा परवान्याबरोबर येतो, परवाने थेंबाथेंबाने निघतात, आणि शाळा बांधायला जमीन हाती आल्यानंतरही दोन-तीन वर्षे जातात. घर मात्र आठ-दहा महिन्यांत उभे राहते. म्हणजे शुल्क अगदी अचूक असले तरी पहिली काही वर्षे मुले त्या ठोकळ्यांवरच्या खोल्यांत बसणारच. दर चार वर्षांनी एकदाच सुधारता येत असेल तर तो सुधारण्याचे वर्ष चुकवणे म्हणजे एका मुलाची जवळजवळ सगळी प्राथमिक शाळा घालवणे.

पुढच्या मंगळवारी सायंकाळी सुनावणी आहे आणि प्रत्येक नागरिकाला तीन मिनिटे मिळतात. मी तीन प्रश्न लिहून काढले आहेत. एका जागेचा खर्च कोणत्या वर्षाच्या कंत्राटांवरून धरला आहे? मुलांचे प्रमाण शिष्यवृत्तीनंतरच्या पटसंख्येवरून काढले आहे का? आणि सूचनेच्या काळात जुन्या दराने किती परवाने निघतील असा काउंटीचा अंदाज आहे? दीपमाळ यांचा रकाना चौथा म्हणून जोडते. पुढच्या वर्षी घर घेणाऱ्या दोन कुटुंबांनीही बरोबर येण्याचे कबूल केले आहे. त्यांचा वाढीला विरोध कायम आहे, पण पहिला प्रश्न त्यांनाही विचारायचा आहे. जी उत्तरे मिळतील ती आकड्यांसह इथेच लिहीन.